गोव्याचा दिनविशेष, १९०० ते १९३०: आमच्या फळ्यासाठी नोंदी हव्यात

वाचनालयवाला, फोंडा

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे, बसस्टॉपला अगदी लागून, त्यामुळे कदंबा बसची वाट बघणारा प्रत्येकजण तो वाचतोच. गेल्या गणेश चवथीपासून मी रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहितो. तीन रकाने आखलेत, घटना, जन्म आणि मृत्यू. एक जुनी पुस्तिका आहे पुण्याहून आणलेली, तीच बघून लिहायचो. टायटॅनिक बुडालं १५ एप्रिल १९१२, लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२०, असं सगळं त्यात व्यवस्थित आहे आणि लोक आवडीने वाचतात पण.

पण परवा सातवी-आठवीतला एक मुलगा बराच वेळ फळ्यासमोर उभा होता आणि मग आत येऊन मला विचारतो, "काका, त्या वेळार आमच्या गोंयांत कोण जल्मालोच ना?" मला उत्तरच सुचलं नाही हो. त्या पुस्तिकेत ३६५ दिवस आहेत आणि गोव्याचं म्हणाल तर गोवा मुक्तीचा १९ डिसेंबर १९६१ सोडून जवळजवळ काही नाही. विसाव्या शतकाची पहिली तीस वर्षं तर गोव्यापुरती कोरीच आहेत. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात इथे काही घडलंच नाही असं त्या पोराला वाटणार, आणि त्यात त्याची काय चूक.

माझ्याकडे थोडंफार आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ, जन्म २९ डिसेंबर १९००. दयानंद बांदोडकर, १२ मार्च १९११, पेडणें. पण एवढ्यावर वर्ष निघत नाही, आणि जुलै तोंडावर आलाय. घटना, जन्म, मृत्यू, कुणाकडे जे असेल ते द्या. पण तारीख पक्की असेल तरच द्या, खडूने लिहिलेलं असलं तरी पोरं ते वहीत उतरून घेतात.

निवृत्त मास्तर, कुडचडें

बाब, तुमचा पत्र वाचून बरं वाटलं, चाळीस वर्षं फळ्यावर लिहिण्यातच गेली माझी.

सगळ्यात आधी एक तारीख लाल खडूने लिहा. ५ ऑक्टोबर १९१०. लिस्बनला राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं, राजा दुसरा मान्युएल वीस वर्षांचा पोरगा, तो बोटीत बसून जिब्राल्टरमार्गे इंग्लंडला गेला. त्याच्या बापाला आणि थोरल्या भावाला १ फेब्रुवारी १९०८ ला लिस्बनच्या चौकात भर रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या, तेव्हापासूनच ते सिंहासन डळमळत होतं. आता तुम्ही म्हणाल हे लिस्बनचं, गोव्याचं काय. तर गोव्याचंच जास्त आहे. राजेशाहीत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता, प्रजासत्ताकाने २० एप्रिल १९११ च्या कायद्याने चर्च आणि सरकार वेगळं केलं आणि इथल्या हिंदूला कायद्यापुढे बाकीच्यांच्या बरोबरीने उभं राहता आलं. सरकारी नोकरी, लिसेव म्हणजे सरकारी हायस्कूल, वर्तमानपत्र, संस्था काढणं, ही सगळी दारं त्यानंतर खऱ्या अर्थाने उघडली. आमचे वडील सांगायचे की त्यांच्या वडिलांच्या तोंडी "रिपूब्लिक" हा शब्द असायचा, आणि तो कसा, तर आपण पुढे "लिबरेशन" म्हणायला लागलो ना, तसा.

त्याच्या थोडं आधीची पण एक गोष्ट घ्या. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड निघाला. नावातच बघा, मूठभर तांदूळ. घरातली बाई रोजचा भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूच्या भांड्यात टाकायची आणि त्यातून मुलांच्या शिक्षणाची सोय. ही घटना त्या पोराला नक्की सांगा, ती त्याच्या घरातल्या चुलीपर्यंत जाते.

आणि आता आमच्या गावचा माणूस. बाकीबाब बोरकर, जन्म ३० नोव्हेंबर १९१०, कुडचडें. मोजून बघा, प्रजासत्ताक आल्यापासून बरोबर आठ आठवडे. घराणं तुमच्या फोंड्यातल्या बोरीचं, म्हणजे तुमचा पण हक्क आहे. तुम्ही बांदोडकरांची तारीख दिलीत ती त्यानंतर साडेतीन महिन्यांची. एक मराठी-कोंकणीतला थोर कवी आणि एक गोव्याचा पहिला मुख्यमंत्री, दोघेही त्याच हिवाळ्यात जन्मलेले. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं गप्प होऊन ऐकायची.

सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याचं पोर्तुगीजांविरुद्धचं शेवटचं बंड १९१२ चं, ते पण विसरू नका.

सूरवेडी, म्हापसा

जुलै म्हटलंत आणि मी लगेच लिहायला बसले, कारण जुलै हा आपल्या बायकांचा महिना आहे!!

१३ जुलै १८९२, केसरबाई केरकर, गाव केरी, तुमच्याच तालुक्यात. १५ जुलै १९०४, मोगूबाई कुर्डीकर, गाव कुर्डी, सांगे तालुका. दोन दिवसांचं आणि बारा वर्षांचं अंतर. दोघीही पुढे उस्ताद अल्लादियाखांसाहेबांकडे शिकल्या, म्हणजे जयपूर घराण्यातले दोन सर्वात मोठे आवाज गोव्याच्या दोन खेड्यांतून आले. केसरबाई १८९२ च्या म्हणून तुमच्या चौकटीत बसत नाहीत असं म्हणू नका हं, त्यांची खरी तालीम १९०० नंतरचीच, आधी कोल्हापूरला अब्दुल करीमखां, मग रामकृष्णबुवा वझे, आणि मग खांसाहेब.

मोगूबाईंचं तर वाचताना गळा भरून येतो. आई जयश्रीबाई, तिची एकच इच्छा की पोरीने गावं, म्हणून ती तिला घेऊन जांबावलीच्या देवळात गेली, तिथे पहिले धडे झाले. नंतर नाटक कंपनीत. आणि १९१४ मध्ये आई गेली, पोर दहा वर्षांची. मग या कंपनीतून त्या कंपनीत, असं करत सांगलीला पोचल्या. अल्लादियाखां तेव्हा औषधोपचारासाठी सांगलीत होते, येता-जाता त्यांच्या कानावर त्या मुलीचा रियाज पडला आणि ते आपणहून शिकवायला तयार झाले. ती जी दहा वर्षांची पोरकी पोर, तिच्याच पोटी पुढे किशोरीताई आमोणकर (१० एप्रिल १९३२).

आणि कुर्डी आता नाही. साळावली धरणात गेलं गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं, मी दोन वर्षांमागे गेले होते, घरांची जोती दिसतात, तुळशीवृंदावनं दिसतात, भेगा पडलेल्या चिखलातून चालत जावं लागतं आणि जुने लोक आपापल्या घराच्या जागी उभे राहून पोरांना दाखवतात, ही पडवी, ही न्हाणी, हितं माड होता. पावसाळा लागला की सगळं परत खाली. म्हणजे १५ जुलैला तुम्ही फळ्यावर "कुर्डी" लिहाल तेव्हा ते गाव पाण्याखाली असेल. हे पण लिहा, जागा असली तर.

अजून एक सांगते, थोडं नाजूक आहे पण सांगायलाच हवं. या बायका ज्या कलावंत समाजातल्या, त्यांच्या आज्या-पणज्या देवळात गायल्या आणि त्यांच्या जन्माची ना मृत्यूची नोंद कुणी ठेवली. किती आवाज नुसते गेले असतील. पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांनी त्याच काळात या समाजात सुधारणेची चळवळ उभी केली म्हणून पुढच्या पिढीची पोरं शाळेत गेली. तुमच्या "जन्म" रकान्यात बाईचं नाव आलं की मला त्या नोंद नसलेल्या बायकांची आठवण होते. म्हणून केसरबाईंचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.

मडगावकार

वरचं सगळं छान पण एकाच बाजूचं होतंय, माफ करा. आमचा मडगावचा सासष्टी तालुका आणि कॅथलिक गोंयकार कुठे गेले? ते पण आपलेच ना.

१९०० साली पणजीत "ओ हेराल्दो" सुरू झालं, गोव्यातलं पहिलं दैनिक. मेसियश गोमिश यांनी काढलं आणि सोबतीला चांदोरचे लुईश द मिनेझिस ब्रागांझा. पोर्तुगीजमध्ये होतं, १९८३ मध्ये इंग्रजी झालं, आज तुमच्या वाचनालयात येतं तेच. मग १९११ मध्ये ब्रागांझांनी स्वतःचं "ओ देबाते" काढलं. माणूस जमीनदार, लिहायचा पोर्तुगीजमध्ये, पण १९३० साली पोर्तुगालच्या सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध विधानमंडळात उभा राहून आमचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारा तोच. जन्म १५ जानेवारी १८७८, मृत्यू १० जुलै १९३८. जुलै पाहिजे होता ना, घ्या. त्याच चांदोरात २ एप्रिल १८९१ ला त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा जन्मले, त्यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली.

सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवदर्शन १९००, १९१०, १९२२, १९३१ असं चार वेळा झालं त्या काळात. यातलं १९१० चं बघा, ऑक्टोबरात प्रजासत्ताक आणि वर्ष संपायच्या आत जुन्या गोव्यात दर्शनाची रांग. राज्य चर्चपासून दूर जातंय पण लोक काही हटले नाहीत.

आणि तियात्र, म्हणजे आमचं कोंकणी नाटक! आमच्या बोर्ड्याचे जुआंव आगुस्तिन फेर्नांदिश, त्यांनी १९०४ मध्ये मुंबईला स्वतःच्या बायकोला, रेजिनाला, रंगमंचावर उभं केलं. बाईची भूमिका बाईनेच केली. तेव्हा मराठी नाटकात काय होतं? बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ ला, आणि पुढे कितीतरी वर्षं मराठी रंगभूमीवर बाईच्या भूमिका पुरुषच करत होते, आपले दीनानाथसुद्धा. मी मराठी नाटकाचा भक्त माणूस आहे, शिगम्याला गावात नाटक करतो, पण हे कबूल केलं पाहिजे की या एका बाबतीत तियात्र पुढे होतं.

गिरगावातला गोंयकार

मी सगळं वाचत होतो आणि वही घेऊन तारखा उतरवत होतो, तर एक गोष्ट लक्षात आली, तुम्ही पण जरा बघा.

जन्माच्या रकान्यात गोव्याची गावं आहेत, मंगेशी, केरी, कुर्डी, चांदोर, पेडणें. आता मृत्यूच्या रकान्यात गाव लिहायचा प्रयत्न करा. मास्टर दीनानाथ, २४ एप्रिल १९४२, पुणे. केसरबाई, १६ सप्टेंबर १९७७, मुंबई. मोगूबाई, १० फेब्रुवारी २००१, मुंबई. त्रिस्तांव कुन्हा, २६ सप्टेंबर १९५८, मुंबई, त्याआधी पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात कैद भोगून. दिचोलीला २३ जून १८७७ ला जन्मलेले कोंकणी लेखक शणै गोंयबाब, ९ एप्रिल १९४६, ते पण मुंबईतच. धर्मानंद कोसंबी, सांखवाळला ९ ऑक्टोबर १८७६ ला जन्म, घर सोडून संस्कृत आणि बुद्ध शोधत पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले, आणि ४ जून १९४७ ला सेवाग्रामात अन्न सोडून देह ठेवला. त्यांचा मुलगा दामोदर, गणिती आणि इतिहासकार, ३१ जुलै १९०७ ला कोसबेंत जन्मला, अकरा वर्षांचा असताना बापाबरोबर अमेरिकेला, हार्वर्डला शिकून परत आला, २९ जून १९६६ ला पुण्यात गेला.

सगळे बाहेर गेले. गायला बाहेर, शिकायला बाहेर, लिहायला बाहेर, बोलायला तर बाहेरच कारण इथे बोललं की तुरुंग. म्हणून पुण्याच्या पुस्तिकेत यांतले काहीजण सापडतील तुम्हाला, पण ते "थोर गायिका", "थोर इतिहासकार" म्हणून, गोव्याचे म्हणून नाही. त्या मुलाला दिसलं नाही ते म्हणून.

माझे आजोबा १९२० च्या सुमारास आगबोटीने आले मुंबईत आणि धोबीतलावाच्या आसपास राहिले, आजूबाजूला सगळ्या गावांच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांच्या राहायच्या जागा, एका खोलीत एका गावची वीस-वीस माणसं, प्रत्येकाची फक्त एक पेटी. मेट्रो सिनेमासमोर डॉ. आकासिओ व्हिएगश यांचा पुतळा आहे, हडफडेंचे, मुंबईत १८९६ ला प्लेग आलाय हे ज्यांनी पहिल्यांदा ओळखलं ते. आजोबा त्यांना "आमचो दोतोर" म्हणायचे. ते पण इथलेच, १९३३ ला गेले.

बार्देसकर

मला नाही पटत. जे सोडून गेले ते गेले, त्यांना मुंबई-पुण्याने मोठं केलं. गोव्याच्या फळ्यावर गोव्यात राहिलेल्यांची नावं पाहिजेत. उदाहरण देतो, पाद्री आग्नेल, हणजुणें गावचे, २१ जानेवारी १८६९ चा जन्म, आयुष्य बहुतेक इथेच गेलं आणि २० नोव्हेंबर १९२७ ला रायतूरला देह ठेवला. आजही पिलारला लोक त्यांच्यासाठी जातात. लक्ष्मणराव सरदेसाई घ्या, १९०४ चे, सावईवेरेंचे, गोव्याच्या मातीतल्या मराठी कथा ज्यांनी लिहिल्या. असे शोधा.

सूरवेडी, म्हापसा

बार्देसकर, पाद्री आग्नेल हवेतच, पण "सोडून गेले" हा शब्द मागे घ्या. केसरबाईंना इथे कोण शिकवणार होतं? त्या गावात कुणी गुरू होता का, सभागृह होतं का, आणि देवळाबाहेर गायलेलं इथल्या समाजाने ऐकून घेतलं असतं का? त्या केरीला सोडून गेल्या नाहीत, त्यांनी केरी नावात घातली आणि जगभर नेली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यान सोडलं, त्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ ला, अकरा दिवसांनी. फोंडा तालुक्यातल्या एका गावचं नाव लावणारा आवाज आज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे आहे, आणि आपण इथे त्यांना फळ्यावर जागा द्यायची की नाही बोलतोय.

बार्देसकर

ताई, शब्द मागे घेतला. व्हॉयेजरचं ठाऊक होतं, पण अकरा दिवसांचं नव्हतं.

निवृत्त मास्तर, कुडचडें

एक कामाची गोष्ट सांगतो. गावातल्या लोकांकडून जन्मतारखा गोळा करायला लागलात की घरोघरी पत्रिका निघतील आणि त्यात शक आणि तिथी असेल, इसवी सन नसेल. शकात ७८ मिळवायचे, पण पाडव्याच्या आधीचा पौष-माघ-फाल्गुन असेल आणि जानेवारी उजाडलेला असेल तर ७९. मोगूबाईंचा जुलै १९०४ म्हणजे शके १८२६. इथेच लोक चुकतात आणि अख्खं एक वर्ष सरकतं. तिथी असेल तर त्या वर्षाचं पंचांग काढूनच तारीख ठरवा, अंदाजाने नको. जुनी वर्तमानपत्रं बघायची असतील तर पणजीला पाटो इथे कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, सकाळी लवकर जा आणि वही-पेन्सिल घेऊन जा. पोर्तुगीज येत नसेल तर महिन्यांची नावं आणि nascimento-óbito हे दोन शब्द, म्हणजे "नाशिमेंतु" जन्म आणि "ऑबितु" मृत्यू, एवढे ओळखायला शिका, निम्मं काम होतं.

आणि कुन्हांबद्दल एक राहिलं. मुंबईत गेले हे खरं, पण त्यांच्या अस्थी पणजीच्या आझाद मैदानावरच्या स्मारकात आहेत. म्हणजे एक तरी परत आला.

वाचनालयवाला, फोंडा

मंडळी, देव बरें करूं. दोन आठवडे उत्तर देता आलं नाही, पण रोज वाचत होतो.

गिरगावच्या बाबांचं वाचून मी फळा पुसून परत आखला. आता जन्म आणि मृत्यू असे वेगळे रकाने नाहीत. एक माणूस, एक ओळ, आणि दोन्ही गावं. १० जुलैला ब्रागांझा लिहिले. १३ ला लिहिलं, "केसरबाई केरकर, जन्म केरी १८९२, मृत्यू मुंबई १९७७". कदंब उशिरा होती त्यामुळे बरेच लोक जमले होते, त्यात केरीची एक म्हातारी आजी, तिला वाचता येत नव्हतं, तिने कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मग त्याला म्हणाली परत वाच. दोनदा वाचून घेतलं. काही बोलली नाही, बस आल्यावर चढून गेली.

तो मुलगा आता रोज येतो. १५ ला "कुर्डी" वाचून त्याने विचारलं हे गाव कुठे, मी म्हटलं पाण्याखाली, तर म्हणतो मग मे महिन्यात जाऊया. ठरवलंय. सूरवेडीताई, तुम्ही वाट दाखवायला याल का?

५ ऑक्टोबरसाठी लाल खडू आणून ठेवलाय मास्तर. आता ३१ जुलैला दामोदर कोसंबी, त्यांचा एखादा चांगला फोटो कुणाकडे असेल तर कृपया पाठवा, छापून फळ्याच्या कोपऱ्यात लावतो. फळ्यावर पत्रा मारून घेतलाय, तरी पाऊस तिरका आला की खालच्या दोन ओळी वाहून जातात आणि दुपारी परत लिहायला लागतात, म्हणून नाव वरच्या ओळीतच लिहितो.